आखाजी आणि 1 मेची जोडून सुट्टी : खान्देशात हवा कशी राहील?

तापीकाठ

यंदा आखाजी, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया, आणि महाराष्ट्र दिन लागून आलेत. मधे एक रजा टाकली की थेट रविवारपर्यंत मोकळीक. पुणे, मुंबई, सुरत, जिथे जिथे आपली माणसं पोटापाण्याला गेलीत तिथून रोज विचारणा होतेय, "गावाकडे हवा कशी आहे? पोरांना आणू का?" प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा इथे धागा काढतो. ज्याला जे माहीत असेल त्याने भर घाला.

एप्रिल संपताना आपल्याकडे पारा चाळिशीच्या वरच असतो, त्यासाठी अंदाज बघायची गरज नाही. सातपुडा आणि अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या मधे तापीचं हे खोरं. रब्बी निघून गेल्यावर काळी जमीन उघडी पडते आणि दिवसभर ऊन पिते. वारा पश्चिमेचा-वायव्येचा, आणि समुद्रापासून इथपर्यंत येता येता पार सुकलेला. 25 मेच्या सुमाराला तर सूर्य जळगावच्या बरोबर डोक्यावर येतो, म्हणजे आत्ता तो तिकडेच सरकतोय. हे सगळं दरवर्षीचंच आहे.

यंदा मला काळजी वाटते ती दुपारनंतरच्या वादळाची. दोन-तीन दिवसांपासून सकाळी अंगाला चिकचिक जाणवतेय, दुपारी दक्षिणेकडे ढगांचे डोंगर उभे राहतात आणि रात्री लांबवर विजा लवतात. म्हणून सगळ्यांना एकच सांगतोय : सण जरूर करा, पण दिवस घड्याळ बघून लावा. सकाळी अकराच्या आत बाहेरची कामं उरका. अकरा ते चार घरात. चार ते सात आभाळाकडे लक्ष. नंतर रात्र तुमचीच.

आणि बातम्यांत "मध्य महाराष्ट्रात पावसाची शक्यता" ऐकून कुणी गडबडू नका. हवामान खात्याच्या मध्य महाराष्ट्र विभागात नंदुरबार, धुळे, जळगाव आहेत आणि त्याच विभागात सातारा, सांगली, कोल्हापूरही आहेत. तिकडे पाऊस पडत असताना आपल्याकडे उष्णतेची लाट असू शकते. आपल्या जिल्ह्याचा इशारा वेगळा बघायचा.

माहेरवाशीण_पुणे

दादा, बरं झालं धागा काढलात. मी दोन मुलांना घेऊन पाचोऱ्याला येतेय. थोरली आठ वर्षांची, धाकटा तीनचा. आईने निंबाला झोका बांधून ठेवलाय, रोज फोनवर सांगते. पण पुण्यात वाढलेल्या पोरांना हे ऊन सोसेल का? आणि माझ्या फोनच्या अ‍ॅपवर पाचोऱ्याला 47 दाखवतंय, बातम्यांत 43 म्हणतात. खरं कोणतं धरायचं?

अभ्यासू_ढग

ताई, दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. हवामान खात्याचं तापमान जमिनीपासून साधारण सव्वा ते दीड मीटर उंचीवर, पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत, सावलीत मोजतात. हवा खेळती राहते, थेट ऊन लागत नाही. चौकातला बोर्ड, गाडीच्या काचेमागचा आकडा, डांबरी रस्त्यावरचा थर्मामीटर हे सगळे तापलेल्या वस्तूची धग मोजतात, म्हणून आकडा फुगतो. काही अ‍ॅप "अंगाला किती जाणवेल" तो आकडा ठळक दाखवतात. तुलना करायची असेल तर रोज एकाच ठिकाणचा आकडा बघा.

उष्णतेच्या लाटेचाही हिशोब ठरलेला आहे. मैदानी भागात कमाल तापमान निदान 40 अंश असावं लागतं, आणि ते त्या दिवसाच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वर गेलं की लाट म्हणतात. किंवा सरळ 45 गाठलं तरी लाट, 47 गाठलं की तीव्र लाट. आपल्या जळगाव-भुसावळची सरासरीच इतकी वर असते की 43 ला आपण भाजून निघतो, तरी कागदावर लाट नसते. तेव्हा "लाटेचा इशारा नाही" याचा अर्थ उन्हात फिरायला हरकत नाही असा कुणी काढू नका.

केळीचा_घड

रावेरकडून लिहितोय. तापीकाठ भाऊंनी वादळाचं काढलं ते योग्यच. आमचा सगळा जीव त्यातच अडकलेला असतो. नवतीची, म्हणजे नव्या लागवडीची केळीबाग निसवलीय, घड लोंबताहेत. 43-44 चं ऊन केळी कशीबशी काढते, पानं करपतात, कोवळा घड सटकतो, तरी बाग उभी राहते. पण अर्ध्या तासाचा वारा आला की वर्षाची मेहनत आडवी.

आणि नेमकं आखाजीलाच हात कमी पडतात. सालदाराचं साल आखाजीला संपतं, नवा करार व्हायचा असतो, मजूर सणाला आपापल्या घरी. कापणीची टोळी मिळत नाही. दोन-तीन दिवस गाड्या भरणं जवळपास बंद. म्हणून ज्यांचा माल कापणीला आलाय त्यांनी सणाच्या आधीच व्यापाऱ्याशी बोलून मोकळं व्हा. बऱ्हाणपूरच्या केळीबाजाराचा भाव दोन पैसे वाढेल म्हणून थांबू नका, या दिवसांत तो धोका परवडत नाही.

बाकीच्यांनी काय करायचं? टेकू आणि पट्ट्या तपासून घ्या. घडाचं ओझं ज्या बाजूला त्या बाजूचा टेकू ढिला असतो, तो आधी बघा. ठिबकने नेहमीचं पाणी पहाटे द्या. वाऱ्याचा इशारा असेल त्या दिवशी मोकाट पाणी नको, जमीन भुसभुशीत झाली की खोड मुळासकट उपटतं. पश्चिमेच्या बांधाला शेवरी किंवा गजराज गवत लावलं असेल तर ते यंदा कळेलच, ज्यांनी लावलं नाही त्यांनी पुढच्या लागवडीला तरी मनावर घ्या.

भुसावळकर_भो

काय ऊन पडी ऱ्हायनं भो! रातले बारा वाजता बी भिंतीला हात लावला तर चटका. कूलर नुसता गरम वारा फेकतो.

अभ्यासू_ढग

@केळीचा_घड, तुम्ही म्हणता तो वारा येतो कसा ते लिहितो, म्हणजे ओळखता येईल.

सकाळपासून जमीन तापते, हवा वर चढते. एरवी ती कोरडी असल्याने ढग होत नाही. पण बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून बाष्प आत आलं, विदर्भाकडून दक्षिणेला कमी दाबाचा पट्टा पसरलेला असला, की तीच हवा दहा-बारा किलोमीटर उंचीचा ढग बांधते. ढगातून धारा सुटतात. आता आपल्याकडची गंमत अशी की ढगाखालची हवा कमालीची कोरडी. त्या धारा खाली येता येता वाटेतच आटतात. पाणी आटताना हवेतली उष्णता घेतं, हवा थंड आणि जड होते आणि धाडकन खाली कोसळते. जमिनीवर आदळली की चहूबाजूंना पसरते. हाच तो वारा. म्हणून आपल्याकडे पाऊस चार थेंब आणि पत्रे मात्र शेजारच्या शेतात, असं होतं.

लांबून बघा. ढगाच्या बुडाशी करड्या झालरी लोंबताना दिसतात आणि जमिनीपर्यंत पोचत नाहीत. तशा झालरी दिसल्या, वाहता वारा एकदम पडला, आणि मग त्या दिशेने धुळीची भिंत उठली, तर तुमच्या हातात फार तर दहा-पंधरा मिनिटं असतात.

चोपड्याची_काकू

आमच्या बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं सांगा कुणीतरी. कालपासून ज्वारी भिजत घातलीय. सुना-लेकी येतील तेव्हा चार हात जास्त असतात, म्हणून हीच वेळ धरतो आम्ही. चिक शिजवायचा पहाटे चारला, उजाडायच्या आत गच्चीवर ओली धोतरं अंथरून बिबडे घालायचे. दुपारपर्यंत वरून सुकतात. मग धोतर उलटं करून मागून पाण्याचा हात फिरवायचा, म्हणजे अलगद सुटतात, आणि पुन्हा दुसऱ्या अंगाने वाळत टाकायचे. त्याच वेळी वादळ आलं तर धुळीने सगळं मातीत. आभाळ आलं तर आतून ओले राहून दोन महिन्यांत बुरशी धरतात. आखाजीच्या आधी घालू की नंतर?

तापीकाठ

काकू, पाऊस नेमका कोणत्या गच्चीवर पडेल हे चार दिवस आधी कुणीच सांगू शकत नाही. तापमान तीन-चार दिवस आधी बऱ्यापैकी बरोबर सांगतात, वादळाची जागा मात्र दोन-तीन तास आधीच कळते. त्यासाठी खातं तीन-तीन तासांचा तात्काळ इशारा काढतं, "मौसम" अ‍ॅपवर आणि खात्याच्या साइटवर जिल्हावार मिळतो.

मी तुमच्या जागी असतो तर एकाच दिवशी सगळी ज्वारी शिजवली नसती. निम्मी घाला. पहाटे उठून दक्षिणेकडे बघा, आकाश स्वच्छ आणि हवा कोरडी असेल तर चिक चढवा. सकाळीच घामेजल्यासारखं होत असेल तर तो दिवस सोडा. आणि सुटलेले बिबडे तीनच्या आधी घरात, खाटेवर, पंख्याखाली. कडक ऊन दुसऱ्या दिवशी सकाळी द्या.

चोपड्याची_काकू

हे पटलं. निम्मेच घालते.

धुळेकर_डॉक्टर

माहेरवाशीण ताईंच्या मुलांबद्दल लिहितो, कारण दर आखाजीला बाहेरगावाहून आलेली लेकरं आणि म्हातारी माणसं दवाखान्यात येतात. गाव बदलल्यावर शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तुम्ही चार दिवसांसाठी येताय, म्हणजे सवय होण्याआधीच परत जाल. त्यामुळे आजीच्या घरची पोरं उन्हात खेळतात म्हणून आपल्यालाही सोडायचं, असं करू नका.

तहान लागेपर्यंत थांबू नका. पन्हं, ताक, लिंबूपाणी मीठ-साखर घालून, जे घरात असेल ते दर तासाला थोडं थोडं. धाकट्याची शू नेहमीपेक्षा कमी किंवा गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडतंय. आमरस-पुरणपोळीचं जेवण दुपारी एकला पोटभर करून लगेच उन्हात बसगाडी पकडणं टाळा, उलट्या तिथूनच सुरू होतात. आणि बंद गाडीत मूल दोन मिनिटंही ठेवू नका.

चक्कर, डोकेदुखी, पायात गोळे, भरपूर घाम, इथपर्यंत सावली, पाणी आणि विश्रांतीने माणूस सावरतो. पण अंग तापून चटका बसतोय, माणूस असंबद्ध बोलतोय, झटके येताहेत, किंवा शुद्ध हरपतेय, तर तो उष्माघात. घाम असो वा नसो. लगेच 108 ला फोन. गाडी येईपर्यंत कपडे सैल करा, अंगावर साधं पाणी ओतत राहा आणि जोरात वारा घाला. काख, मान, जांघ इथे ओली फडकी. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका. ज्यांना रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू आहेत त्यांनी गावाला निघण्याआधी आपल्या डॉक्टरांशी एकदा बोलून घ्या.

तोरणमाळवारी

आम्ही मित्र शुक्रवारी तोरणमाळला निघतोय. वर थंड असेल ना?

सातपुड्यातला_मास्तर

थंड म्हणजे खालच्या शहाद्याच्या मानाने थंड. तोरणमाळ साडेअकराशे मीटरच्या आसपास आहे. हजार मीटर चढलं की साधारण साडेसहा अंश उतरतात, कोरड्या दुपारी त्याहून थोडे जास्त. खाली 42 असेल तर वर 34-35 धरा. संध्याकाळ मात्र खरंच छान, यशवंत तलावाच्या काठावर चादर घ्यावीशी वाटते. सीताखाईचा धबधबा बघायला जात असाल तर आत्ता तिथे कोरडा कडा आहे, तो पावसाळ्यात.

एक लक्षात घ्या. या दिवसांत सातपुड्यातल्या सागाला पान नसतं. जंगल म्हणून सावलीच्या भरवशावर चालत निघाल तर मैलोगणती उन्हातच चालाल. पाण्याच्या बाटल्या खालूनच भरून घ्या. आणि वाळलेला पाचोळा इतका असतो की एका विडीने डोंगर पेटतो, चूल-शेकोटी अजिबात नको.

घाट चढायचा तर सकाळीच. दुपारनंतर ढग डोंगरावरच आधी तयार होतात. वादळात घाटात अडकलात तर गाडीतच काचा लावून बसा, झाडाखाली नको.

रावेर तालुक्यातल्या पाल गावाला जायचं कुणी म्हणत असेल तर पालची उंची तोरणमाळइतकी नाही, तिथे थंडाव्याच्या आशेने जाऊ नका. मनुदेवी, पाटणादेवी दर्शन सकाळी आठपर्यंत आटोपतं, ते करा.

माहेरवाशीण_पुणे

अजिंठा लेणी एक दिवस ठेवलीत आम्ही. ती पण काढू का यादीतून?

सातपुड्यातला_मास्तर

काढू नका ताई, सकाळी उघडल्या उघडल्या आत शिरा. लेण्यांच्या आत गारवा असतो, त्रास होतो तो बाहेरच्या पायऱ्यांवर आणि त्या घोड्याच्या नालेसारख्या वळणावर, तिथला कातळ दुपारी भट्टीसारखा तापतो. साडेअकरापर्यंत खाली या. सोमवारी लेणी बंद असतात.

तापीकाठ

आता झोक्याचं लिहितो, कारण खरं तर त्यासाठीच हा धागा काढायचा होता.

आखाजीला आपल्या लेकी-बहिणी दुपारची जेवणं, घागरीची पूजा आटोपून चार-साडेचारला झोक्यावर येतात. गाणी रंगतात, एकेका झोक्यावर दोघी-दोघी, खाली दहा-पंधरा जणी रांगेत. झोका कुठे बांधलेला? गावाबाहेरच्या मोठ्या निंबाला, चिंचेला, वडाला. आणि वादळाची वेळ नेमकी तीच. वीज उंच, एकट्या झाडावर पडण्याचा धोका जास्त, आणि झाडावर पडलेली वीज खाली उभ्या माणसात शिरते. पाऊस सुरू व्हायच्या आधी, ढग अजून दूर असतानाही ती पडू शकते. "अजून पाऊस कुठे आलाय" म्हणून पोरी थांबतात, तिथेच घात होतो.

वीज दिसली की मोजायला लागा. तीन सेकंदाला एक किलोमीटर. तीसच्या आत गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, सगळ्यांनी पक्क्या घरात जायचं. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास झाडाकडे फिरकायचं नाही. पत्र्याची उघडी शेड, मंदिराचा उघडा मंडप ही सुरक्षित जागा नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने काढलेलं "दामिनी" अ‍ॅप आहे, 20 आणि 40 किलोमीटरच्या परिघात वीज पडत असली की सूचना देतं. प्रत्येक झोक्याजवळ एका तरी बाईच्या फोनवर ते चालू असू द्या.

आमच्या गल्लीत आम्ही ठरवलंय : यंदा झोके सकाळी सात ते दहा आणि पुन्हा रात्री जेवणानंतर, आभाळ मोकळं असेल तर. एक झोका घराच्या ओसरीतल्या कडीला बांधलाय, लहान मुलींसाठी.

चोपड्याची_काकू

रात्रीचे झोके आमच्या लहानपणी होतेच की. चांदणं नसलं तरी कंदील लावून बसायचो. चांगलं केलंत. गौराईची गाणी सकाळीही गोडच लागतात.

केळीचा_घड

आखाजीचा दिवस, संध्याकाळ. आमच्याकडे वादळ साडेचारला आलं. आधी वारा एकदम पडला, मग उत्तरेकडून धूळ. पाऊस अंगण ओलं होण्यापुरता. माझ्या बागेत कडेच्या दोन ओळी झुकल्या, टेकूवर तरल्या. शेजारच्या शिवारात बागा पडल्यात. लाईट गेलीय, तारा तुटल्यात, तुटलेल्या तारेच्या जवळ कुणी जाऊ नका.

ज्यांचं नुकसान झालंय त्यांनी : फळपीक विमा असेल तर 72 तासांच्या आत कळवायचं, सुट्ट्या आहेत म्हणून सोमवारची वाट बघू नका. कृषी विभागाच्या माणसाला आणि तलाठ्यालाही सांगा. पडलेली बाग आवरायच्या आधी फोटो काढा, गट नंबरची पाटी किंवा ओळखू येईल अशी विहीर-घर फोटोत येऊ द्या.

भुसावळकर_भो

आमच्याकडे नुसती धूळ. पण आता उकाडा आणखी वाढला, घाम सुकत नाही.

अभ्यासू_ढग

थोड्या पावसानंतर असंच होतं. हवेत ओल आली की घाम आटत नाही, अंग थंड होत नाही. उद्या पारा दोन अंश खाली दिसला तरी त्रास जास्त वाटेल. कूलरही कोरड्या हवेतच काम करतो, अशा दिवशी खिडकी उघडी ठेवून हवा बाहेर जाऊ द्या, नाहीतर खोली दमट होते.

इशाऱ्याच्या रंगांबद्दल निरोपांतून विचारणा झाली, म्हणून लिहितो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच कृती करा. आणि "तुरळक ठिकाणी" असं लिहिलं असेल तर विभागातल्या चारपैकी फार तर एका केंद्रावर पाऊस अपेक्षित असतो. आपल्या गावात आला नाही म्हणून अंदाज चुकला असं होत नाही.

माहेरवाशीण_पुणे

पोचलो काल सुखरूप. आज सकाळी सातला दोघंही झोक्यावर. दहा वाजता आईने बोलावलं तेव्हा थोरली रडली, पण दुपारी वीज कडाडल्यावर स्वतःच सेकंद मोजत बसली होती. रविवारी परत निघायचंय. एसटीला अर्ध्या तिकिटामुळे आणि सणामुळे गर्दी आहे. दुपारची गाडी घेऊ की पहाटेची?

तापीकाठ

पहाटेची घ्या. उन्हं चढायच्या आत चाळीसगावचा घाट मागे पडला पाहिजे. ताकाची बाटली आणि डॉक्टरांनी सांगितलेलं मीठ-साखरेचं पाणी हाताशी ठेवा, खिडकीची जागा पूर्वेच्या बाजूची नको. सांजोऱ्या वरच्या पिशवीत ठेवा, खालच्या डिकीत तूप वितळतं.